अपुरं राहिलेलं वाक्य : दोन काळांची कादंबरी कशी वाचावी?



आजचा विषय कागदावर साधा दिसतो. एखाद्या कादंबरीत दोन निरनिराळ्या काळांतल्या गोष्टी आलटूनपालटून येत असतील, तर ती वाचायची कशी? प्रश्न रचनेचा वाटतो, पण माझ्या मते तो तिथे थांबत नाही. आपल्या आधी जे घडून गेलं, त्याचं आपण आता काही करू शकतो का, इथपर्यंत तो जाऊन पोचतो. म्हणून मी उदाहरणादाखल एकच कादंबरी घेतली आहे : मिखाईल बुल्गाकोव्ह या रशियन लेखकाची 'मास्टर आणि मार्गारिता'. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी काळजी करू नये, लागेल तेवढी गोष्ट मी सांगत जाईन. शेवटसुद्धा सांगणार आहे. त्याशिवाय माझा मुद्दा उभा राहत नाही, आणि शेवट कळल्यामुळे बिघडावं असं हे पुस्तक नाही.

आधी गोष्ट. मॉस्को शहर, साधारण १९३० च्या दशकातलं. मे महिन्यातली उकाड्याची संध्याकाळ. पॅट्रिआर्क तळ्याकाठच्या बाकावर दोघं बसलेत. एक बर्लिओझ, मासिकाचा संपादक आणि लेखक-संघाचा पुढारी. दुसरा इवान, तरुण कवी. इवाननं धर्मविरोधी कविता लिहून आणलेली आहे, पण संपादक नाराज आहे. तक्रार काय, तर कवितेतला येशू वाईट असला तरी जिवंत वाटतो. खरं म्हणजे तो कधी नव्हताच, हे सिद्ध व्हायला हवं होतं! एवढ्यात एक परका गृहस्थ येऊन बोलण्यात भाग घेतो. त्याचं नाव वोलांद, आणि तो साक्षात सैतान आहे. पुढचे चार दिवस तो आणि त्याचे साथीदार मॉस्कोत जो धुमाकूळ घालतात, ती झाली पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या येर्शलाईममधली, म्हणजे यरुशलेममधली. रोमन सुभेदार पाँतियस पिलात, मराठी बायबलात ज्याला पंतय पिलात म्हटलंय तो, आणि त्याच्यासमोर हात बांधून उभा केलेला येशुआ नावाचा फिरस्ता तत्त्वचिंतक. या दोन गोष्टींच्या मध्ये मास्टर आहे. हा मॉस्कोतला लेखक, त्याला कादंबरीत नावच नाही. त्यानं पिलातावर एक कादंबरी लिहिली, समीक्षकांनी त्याला फाडून खाल्लं, भीतीनं त्याचं मन मोडलं, त्यानं हस्तलिखित शेगडीत घातलं आणि आता तो मनोरुग्णालयात आहे. त्याच्यावर प्रेम करणारी मार्गारिता त्याला शोधते आहे.

बत्तीस प्रकरणं आणि एक उपसंहार. त्यातली पिलाताची फक्त चार : दुसरं, सोळावं, पंचविसावं आणि सव्विसावं. आता ही चार प्रकरणं आली की वाचक काय करतात? काही जण ती चक्क ओलांडून पुढे जातात, कारण मॉस्कोतली धमाल सोडवत नाही. पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या प्रकारच्या वाचकाची. तो काहीच ओलांडत नाही, पण आधीच ठरवून बसतो की जुनी गोष्ट नव्या गोष्टीचा दृष्टान्त आहे.

ही सवय आपल्याला कीर्तनातून लागलेली आहे. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, उत्तररंगात तेच तत्त्व पटवून देणारं आख्यान. कीर्तनात ते शोभतंही. पण कादंबरी तशी वाचायला गेलं की आपण सारखेपणा शोधत सुटतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं वहीत दोन रकाने आखले होते. डावीकडे येर्शलाईम, उजवीकडे मॉस्को. तिकडे घरी बोलावून विश्वासघात करणारा यहूदा, इकडे खोल्यांच्या लोभानं मास्टरविरुद्ध चुगली करणारा मोगारिच. तिकडे पिलाताचं गुप्तचर खातं, इकडेही तेच. दोन्ही शहरांवर तसाच उकाडा, तसंच वादळ, तोच पौर्णिमेचा चंद्र. पिलाताला गुलाबाच्या तेलाचा वास असह्य होतो. मॉस्कोत सांडलेल्या सूर्यफुलाच्या तेलावरून घसरून बर्लिओझ ट्रामखाली जातो. फार बारकाईनं केलं होतं सगळं. मग ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, येशुआसमोर कोणाला लिहू? मास्टरला लिहावं तर बसत नाही."

बसत नाहीच. येशुआ सुभेदारासमोर खरं बोलतो, कारण त्याला दुसरं काही येतच नाही. मास्टर खरं लिहितो, पण घाव बसल्यावर लिहिलेलं जाळतो आणि मला आता एकटं सोडा म्हणतो. तो पिलातही नाही, त्याच्या हाती कसलीच सत्ता नाही. आणखी एक पाहा. चमत्कार कुठे होतात? आपली अपेक्षा असते की जुन्या काळात, पुराणात व्हावेत. इथे उलटं आहे. येर्शलाईमच्या प्रकरणांत एकही चमत्कार नाही. तिथे आहे डोकेदुखी, घाम, माश्या, धूळ आणि सरकारी कागदपत्रं. मांजर ट्रामचं तिकीट काढायला बघतं ते मॉस्कोत! आधुनिक, वैज्ञानिक, देव नाकारणाऱ्या राजधानीत. म्हणजे पुराण इकडे आणि रोजचं वास्तव तिकडे. दृष्टान्ताचा सांगाडा इथे उपयोगी पडत नाही.

मग या दोन काळांना जोडलंय कशानं? त्यासाठी शिवण कुठे आहे ते बघू. पिलाताची गोष्ट प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेनं येते. पहिल्यांदा ती वोलांद बाकावर बसून सांगतो. दुसऱ्यांदा ती इवानला रुग्णालयात औषधाच्या गुंगीत स्वप्नात दिसते. तिसऱ्यांदा मार्गारिता ती वाचते, जळून परत मिळालेल्या मास्टरच्या हस्तलिखितातून. सांगितलेली, स्वप्नात पडलेली आणि वाचलेली. तरीही भाषा एक, सूर एक, गोष्ट जिथे थांबली तिथूनच पुढे. आणि जोड कसा दिलाय? मॉस्कोचं प्रकरण ज्या शब्दांवर संपतं, त्याच शब्दांनी येर्शलाईमचं सुरू होतं. इवान रुग्णालयात ही हकिगत मास्टरला ऐकवतो, तेव्हा आपण सगळं बरोबर ओळखलं होतं म्हणून मास्टरला आनंद होतो. बघा, 'रचलं' असं त्याला वाटत नाही. गोष्ट आधीच तिथे होती आणि आपण ती नीट ऐकली, असा त्याचा भाव आहे.

आता त्या गोष्टीच्या गाभ्याशी जाऊ. पिलाताचं डोकं भयंकर दुखतंय. समोरचा कैदी ते ओळखतो आणि म्हणतो, तुम्हाला तुमच्या कुत्र्याशिवाय कोणी नाही. पिलाताला हा माणूस आवडतो. गुन्हा नाही असा निकाल तो मनात तयारही करतो. तेवढ्यात दुसरा कागद पुढे येतो : हा सत्तेविषयी काय बोलला त्याची नोंद. सगळी सत्ता म्हणजे माणसांवरची जबरदस्ती आहे आणि कधीतरी कोणाचीच सत्ता उरणार नाही, असं तो बोललाय. तो ते नाकारतही नाही. रोममध्ये तिबेरियस सम्राट बसलेला, आजूबाजूला ऐकणारे कान. रणांगणात न घाबरलेला पिलात इथे, दालनात, एका कागदाला घाबरतो आणि मृत्युदंड कायम करतो. मग मुख्य याजकाकडे येशुआच्या सुटकेसाठी तीनदा शब्द टाकतो. उपयोग होत नाही. पुढे यहूदाला गुपचूप ठार करवतो, जणू दुसऱ्या खुनानं पहिला फिटेल. तो फिटत नाही. मरताना येशुआनं भ्याडपणाला माणसाच्या मोठ्या दोषांत गणलं, हे त्याला कळतं. आणि रात्री स्वप्न पडतं : चंद्रप्रकाशाच्या वाटेवरून तो आणि तो चिंतक वाद घालत चाललेत, आणि ती शिक्षा झालेलीच नाही. मग जाग येते.

इथे मला माझ्या विषयाकडे वळावंच लागेल, थोडं सहन करा. ॲरिस्टॉटलनं 'निकोमाखियन नीतिशास्त्रा'त अगाथॉन या कवीचा दाखला दिलाय. आशय असा की घडलेलं न घडलेलं करणं देवालाही जमत नाही. आपण विचारविनिमय करतो तो पुढच्याविषयी, मागच्याविषयी नाही. दुसरा कांट. कादंबरीत कांट पहिल्याच प्रकरणात येतो. वोलांद सांगतो की कांटनं ईश्वराच्या अस्तित्वाचे पाचही पुरावे मोडले आणि मग स्वतःचाच सहावा मांडला. त्यावर इवान तावातावानं सुचवतो की त्या कांटला तीन वर्षं सोलोव्कीच्या छावणीत धाडा! कांट १८०४ मध्ये वारला, हे त्या पोराच्या गावीही नाही. आपण हसतो. पण कांट इथे केवळ विनोदापुरता आलेला नाही. १७८८ सालच्या 'व्यावहारिक बुद्धीच्या मीमांसे'त तो म्हणतो की नैतिक पूर्णता एका आयुष्यात साधणं शक्य नाही, म्हणून अनंत प्रगतीला वाव देणारं अमर अस्तित्व आपल्याला गृहीत धरावं लागतं.

बुल्गाकोव्हनं पिलाताला ते अमर अस्तित्व दिलंय. सुमारे दोन हजार वर्षं तो खडकाळ पठारावर खुर्चीत बसून आहे, पायाशी कुत्रा. पौर्णिमेला झोप लागत नाही. त्या चिंतकाशी अर्धवट राहिलेलं बोलणं पुरं करायचं, एवढी एकच इच्छा. वेळ भरपूर आहे, पण प्रगती शून्य. नुसत्या काळानं माणूस सुधारत नाही, नुसत्या पश्चात्तापानंही नाही. तो त्याच एका क्षणाशी अडकून पडलाय. कांटच्या युक्तिवादाला मला माहीत असलेलं हे सगळ्यात बोचरं उत्तर आहे, आणि ते एका कादंबरीत आहे.

मग तो सुटतो कसा? कादंबरीच्या शेवटी वोलांद मास्टरला त्या पठारावर आणतो आणि सांगतो की तुमची कादंबरी वाचली गेली, तक्रार एवढीच की ती पुरी झालेली नाही. मास्टरच्या लेखी ती कधीच पुरी झाली होती! पण एक वाक्य राहिलं होतं. तो हातांचा कर्णा करून पिलाताला ओरडून सांगतो की तू मोकळा आहेस, तो तुझी वाट बघतोय. डोंगर कोसळतात, आणि पिलात कुत्र्यासह चंद्रप्रकाशाच्या वाटेवर धावत सुटतो.

आता आपल्याकडच्या कथेतल्या कथा आठवा. वनपर्वात द्यूतात सगळं हरलेला युधिष्ठिर विचारतो, माझ्याहून दुर्दैवी राजा कोणी झालाय का? बृहदश्व ऋषी त्याला नळाची गोष्ट सांगतात, आणि शेवटी द्यूताची विद्याही देतात. आतल्या गोष्टीतून बाहेरच्या माणसाला धीर मिळतो. आतून बाहेर, ही आपल्या ओळखीची दिशा. बुल्गाकोव्हकडे रहदारी दुहेरी आहे. बाहेरचा माणूस आतल्याला सोडवतो, आणि आतल्या गोष्टीतला येशुआ बाहेरच्या मास्टरची कादंबरी वाचतो. तो लेवी मत्तयाला वोलांदकडे निरोप घेऊन धाडतो, की या लेखकाला शांती द्या. नळानं युधिष्ठिराची विचारपूस केली असती, तर कसं वाटलं असतं, तसं आहे हे.

त्या विद्यार्थिनीच्या वहीला माझं उत्तर इथे येतं. दोन काळांना जोडणारा धागा सारखेपणाचा नाही, बाकीचा आहे. हिशेबातली बाकी, ती. एका काळात जे करायचं राहून गेलं, बोलायचं राहून गेलं, ते त्या काळातल्या माणसाला एकट्यानं पुरं करता येत नाही. ते दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या काळात उभं राहून बोलावं लागतं. फ्रीडाची छोटी गोष्ट हेच सांगते. नवजात मुलाला हातरुमालानं गुदमरवून मारणारी ही बाई. रोज सकाळी तोच रुमाल तिच्या उशाशी येतो. मार्गारिताला सैतानाकडे एक मागणं मागायची मुभा मिळते. मास्टरला मागायचं सोडून ती म्हणते, फ्रीडाला तो रुमाल दाखवणं थांबवा. वोलांद काय म्हणतो? दया हे माझं खातं नाही, तुम्हीच करा. आणि ती करते, शब्दानं.

एक आक्षेप मला दिसतो, आणि तो खरा आहे. हे फार स्वस्त नाही का? ज्याला सुळावर चढवलं तो गेला. एकोणीसशे वर्षांनी कोणी लेखक उठतो आणि मारणाऱ्याला मोकळा म्हणतो! हा अधिकार त्याला कोणी दिला? आपल्या सार्वजनिक जीवनातही आपण बघतो, जुन्या अन्यायाची गोष्ट निघाली की "झालं गेलं, आता सोडा" म्हणणारे बहुधा ते असतात, ज्यांच्या घरचं काही गेलेलं नसतं.

कादंबरीला हे पक्कं ठाऊक आहे. मास्टरच्या शब्दाआधी दोन अटी पुऱ्या झालेल्या आहेत. पहिली : ज्याच्यावर अन्याय झाला, त्यानं स्वतः पिलातासाठी रदबदली केलेली आहे. मार्गारिता पिलाताला सोडा म्हणून ओरडते, तेव्हा वोलांद तिला हेच सांगतो. मास्टरच्या तोंडचा शब्द त्याच्या एकट्याचा नाही. दुसरी : मास्टरनं पिलाताचा भ्याडपणा कुठेही सौम्य केलेला नाही. परिस्थितीच तशी होती, वरून हुकूम होता, असं एकही वाक्य तो पिलाताच्या बाजूनं लिहीत नाही. सगळं जसंच्या तसं मांडल्यावरच सोडण्याचा हक्क येतो. हिशेब न मांडता बाकी फेडता येत नाही.

आणि एवढं करूनही बुल्गाकोव्ह सावध आहे. उपसंहारात इवान आता कवी राहिलेला नाही, तो इतिहास आणि तत्त्वज्ञानाच्या संस्थेत प्राध्यापक झालाय. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला हे झोंबणारच, पण असो! त्याला सगळं समजलंय : आपण तरुणपणी भोंदू संमोहकांच्या तावडीत सापडलो होतो, आता बरे आहोत. फक्त दर वसंतातल्या पौर्णिमेला तो अस्वस्थ होतो, बायको इंजेक्शन देते आणि मग स्वप्न पडतं. त्यात पिलात येशुआला विनवतो, ती शिक्षा झालीच नाही असं म्हण. आणि येशुआ म्हणतो, नाहीच झाली, तुला भास झाला. जे ॲरिस्टॉटलच्या मते देवालाही जमत नाही, ते इथे होतं. पण कुठे? गुंगीतल्या स्वप्नात, आणि सकाळी ते आठवणीतून गेलेलं असतं. एवढं मोठं समाधान लेखकानं इतक्या डळमळीत जागी ठेवलंय, आणि मला ते प्रामाणिकपणाचं वाटतं. मास्टरलाही प्रकाश मिळत नाही, शांतीच मिळते. जो जाळून मोकळा झाला, त्याला लेखक सगळं देऊन टाकत नाही.

शेवटी पुस्तकाची स्वतःची हकिगत, कारण ती या मुद्द्याला धरूनच आहे. बुल्गाकोव्हनं हे लिखाण १९२८ मध्ये सुरू केलं. १९३० च्या मार्चमध्ये त्यानं सरकारला पत्र लिहिलं, त्यात सैतानावरच्या कादंबरीचा मसुदा आपण स्वतः शेगडीत घातल्याचं नमूद आहे. १८ एप्रिलला स्टालिनचा फोन आला. परदेशी जायचंय का, या प्रश्नावर बुल्गाकोव्ह म्हणाला की रशियन लेखक मायदेशाबाहेर जगू शकत नाही. त्याला नाट्यगृहात नोकरी मिळाली, छापण्याची मुभा नाही. पुन्हा तीच कादंबरी लिहायला घेतली. मूत्रपिंडाच्या आजारानं दृष्टी गेली, तेव्हा पत्नी येलेना सेर्गेयेव्ना यांना दुरुस्त्या सांगत राहिला. १० मार्च १९४० ला तो गेला, वय अवघं ४८. येलेना यांनी हस्तलिखित सव्वीस वर्षं सांभाळलं. १९६६ च्या नोव्हेंबरात आणि १९६७ च्या जानेवारीत 'मॉस्क्वा' मासिकात ते दोन भागांत आलं, तेही बरीच कात्री लावून. कापलेले तुकडे लोकांनी टंकलिखित करून हातोहात फिरवले. सोव्हिएत देशात संपूर्ण पुस्तक निघालं १९७३ मध्ये. येलेना १९७० मध्येच वारल्या होत्या.

याला मी सुखान्त म्हणणार नाही. लिहिणाऱ्याला छापलेलं एक पान दिसलं नाही, ही वजाबाकी कोणी भरून देऊ शकत नाही. पण मास्टरचं वाक्य जसं दुसऱ्या काळात उभं राहून बोलावं लागलं, तसं हे पुस्तक दुसऱ्या काळातल्या माणसांनी पुरं केलं. कोणी कागद जपले, कोणी रात्री जागून टंकलेखन केलं, कोणी नुसतं वाचून पुढच्याकडे दिलं.

तेव्हा अशी कादंबरी हातात घ्याल, मग ती बुल्गाकोव्हची असो की आणखी कोणाची, तेव्हा प्रकरणं क्रमानंच वाचा आणि काळ बदलतो तिथे थोडं थांबा. या कादंबरीत पहिल्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य आणि दुसऱ्याचं पहिलं एकापाठोपाठ एक मोठ्यानं वाचून बघा, शिवण कानाला कळेल. रकाने आखायचे तर जरूर आखा, हरकत नाही. फक्त खाली एक ओळ मोकळी ठेवा आणि तिथे लिहा : या काळात काय बोलायचं राहिलं, आणि ते कोण बोललं? कधीकधी ती ओळ शेवटच्या पानापर्यंत रिकामीच राहते. तेव्हा पुस्तक ती आपल्याकडे सोपवतंय, असं समजायला हरकत नाही.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील ते घेऊ.